घरच्या शाळेचा पट

आमच्या वरवे बुद्रुकमध्ये पोरं घरी ठेवायची पद्धत जुनीच. भाताची लावणी आली, पोरगं घरी. मामाचं लग्न निघालं, पोरगं घरी. शेळी व्यायला झाली, पोरगं घरी. गुरुजी रस्त्यात भेटले की आई सांगणार, "पोटात दुखत हुतं वो त्याच्या." गुरुजी त्या पोराच्या गुडघ्यापर्यंत चढलेल्या चिखलाकडे बघत "काळजी घ्या" म्हणणार. या प्रकाराला इंग्रजीत नाव आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ते आमच्या सूनबाईंनी गेल्या वर्षी गावात आणलं. होमस्कूलिंग.

मी एसटीचा निवृत्त कंडक्टर, भोर आगार. नोकरीभर माझ्या लेखी मुलं दोनच प्रकारची होती. पाच वर्षांखालची फुकट, आणि पाच ते बारा अर्धं तिकीट. गाडीत चढताना प्रत्येक आईचं मूल पाचाच्या आतलंच असायचं, मग ते माझ्या खांद्याला का लागेना. त्यामुळे मुलाचं वय आणि त्याची वाढ या विषयावर आईबाप काहीही छातीठोकपणे सांगू शकतात, याचा मला सूनबाई घरात यायच्या आधीपासून अनुभव आहे.

नात हायवेवरच्या एका इंग्रजी शाळेत सिनियर केजीला होती. मार्चअखेर प्रगतिपुस्तक आलं, त्यात शेरा होता: पेन्सिलची पकड सैल. आमची ही म्हणाली, "खुरपं तर घट्ट धरती की." सूनबाई हसल्या नाहीत. त्या इंजिनियर आहेत, पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतात, आणि शेरा कुठलाही असो, त्याच्या मुळाशी गेल्याशिवाय राहत नाहीत. त्या रात्री त्या मुळाशी गेल्या ते थेट मोबाइलमधून. सकाळी चहाला बसताना त्यांच्याकडे निर्णय तयार होता. चिरंजीव शिरवळच्या कारखान्यात रात्रपाळी करून आले होते. त्यांनी झोपेतच होकार दिला, आणि दुपारी जाग आल्यावर विचारलं की होकार कशाला दिला.

गावात बातमी पसरायला व्हॅन एक दिवस दारात न थांबणं पुरेसं होतं. पारावर मला तीन प्रश्न आले. फी थकली का? पोरीला काही झालंय का? सूनबाईंचं मास्तरणीशी वाजलं का? तिन्हींना नाही म्हटल्यावर सगळे खरोखर चिंतेत पडले, कारण आता कारणच उरलं नाही. मग आमच्या भावकीतले एक वयोवृद्ध मुद्द्यावर आले.

"ते ऱ्हाऊ दे अण्णा. पोरगी शिकंल कुठं बी. दाखला कुठनं आणणार?"

शहरातल्या माणसाला यातली ग्यानबाची मेख कळायची नाही. आमच्याकडे शाळा ही दाखल्यासाठी असते, मधली दहा वर्षं म्हणजे तो मिळेपर्यंतची रांग. दाखल्यावर जन्मतारीख असते, जात असते, आणि 'वर्तणूक: चांगली' असते. जातीच्या पडताळणीला आजोबाच्या, पणजोबाच्या शाळेचा दाखला शोधत माणसं कुठल्या कुठल्या शाळांची जुनी रजिस्टरं धुंडाळतात. आता माझ्या नातीचा पणतू उद्या कचेरीत जाऊन काय सांगणार? पणजी घरी शिकली? आणि वर्तणुकीचा रकाना कोण भरणार? तिची आजी? मग झालंच कल्याण.

सूनबाईंनी यावर मला कायदा वाचून दाखवला. मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क, २००९ चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू, सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी. आरटीई म्हणजे पंचवीस टक्क्यांची लॉटरी, एवढंच मी तोवर धरून चाललो होतो. कलम १० मध्ये स्पष्ट लिहिलंय की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. मी म्हटलं, "मग संपलं की!" सूनबाई म्हणाल्या, "पुढे वाचा अण्णा. नाही घातलं तर शिक्षा काय, ते कुठेच नाही." मी पुढून वाचलं, मागून वाचलं. खरंच नाही. विनातिकीट प्रवाशाला दंड न लिहिलेलं नियमपुस्तक मी तरी नोकरीत बघितलं नव्हतं. म्हणजे घरी शिकवणं कायद्याने चालतं असं कुणी म्हणत नाही, आणि पकडून नेतात असंही नाही. आपल्याकडे याला मोकळीक म्हणतात.

परीक्षांची सोयही निघाली. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षा घेते, आणि चौदा पूर्ण झाली की दहावीला बसता येतं. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. शिवाय आपला सतरा नंबरचा फॉर्म आहेच. सतरा नंबर म्हटल्यावर मात्र पारावरचे सगळे निवांत झाले. "आसं सांगा की मंग! बाहीरनं बसवायची हाय." गावातल्या निम्म्या कर्त्या पुरुषांची दहावी सतरा नंबरवर सुटलेली. होमस्कूलिंगची एवढी मोठी परंपरा आपल्या बुडाखाली आहे, याचा त्यांना अभिमानही वाटला असावा.

सूनबाईंचा हुकमाचा एक्का म्हणजे मुंबईची मालविका राज जोशी. तिच्या आईने तिला सातवीत शाळेतून काढलं, घरी शिकवलं, पोरगी संगणकाच्या ऑलिंपियाडमध्ये पदकं घेऊन आली. बारावीचा कागद नाही म्हणून आयआयटीचं दार बंद, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने शिष्यवृत्ती देऊन बोलावलं. घरी शिकवणाऱ्या प्रत्येक आईच्या मोबाइलमध्ये ही गोष्ट असतेच म्हणे. मी ती पारावर सांगितली. मंडळींनी लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाली, "बघा, दाखला नव्हता म्हणून पोरीला परदेशात जावं लागलं."

मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. भोरच्या वाचनालयाचा मी जुना सभासद. मी घरात पंडिता रमाबाईंचा दाखला दिला. अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, लोक खवळले, तेव्हा ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. त्या आईने मुलीला शिकवलं, रानात आणि पुढे तीर्थयात्रेच्या वाटेवर, चालता चालता. तीच मुलगी १८७८ मध्ये कलकत्त्याला गेली तर तिथल्या पंडितांनी तिला पंडिता आणि सरस्वती अशा दोन पदव्या दिल्या. आमची ही ज्वारी निवडत ऐकत होती. म्हणाली, "त्यांनी पोरीला रानात नेली. तुम्ही हायवेवर बसवलीय." गोपाळराव जोशींचं नाव मी मग काढलंच नाही. ते आनंदीबाईंना अभ्यास सोडून स्वयंपाक करताना बघितलं की भडकायचे, आणि आमच्या घरात स्वयंपाकावर भडकायची टाप माझी नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. माजघरात. भिंतीवर वेळापत्रक लागलं, तेही लॅमिनेशन करून, म्हणजे त्यात बदल होणार नाही हे पक्कं. घरातल्या प्रत्येकाला खातं मिळालं. सूनबाई मुख्याध्यापक, शिवाय इंग्रजी आणि विज्ञान. चिरंजीव शारीरिक शिक्षण, पाळी बघून. मी मराठी आणि गणित. आजी 'जीवनव्यवहार'. हे खातं माँटेसरीबाईंचं. त्यासाठी ऑनलाइन एक लाकडी संच आला. दोन वाट्या, एक चमचा, एक ट्रे आणि पाव किलो राजमा. मुलाने राजमा या वाटीतून त्या वाटीत चमच्याने टाकायचा. किंमत ऐकून आमची ही मटकन खाली बसली. उठली ती सूप घेऊनच. "ये गं, तांदूळ पाखडू." पोरगी पाखडायला बसली, अर्धे तांदूळ अंगणात, कोंबड्या जमा. सूनबाई वाचत होत्या, वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला. माँटेसरीबाई १९३९ मध्ये मद्रासला आल्या, महायुद्धात अडकून वर्षानुवर्षं भारतात राहिल्या, आणि त्यांच्या पद्धतीत ओतणं, निवडणं, पुसणं, झाडणं हाच पाया. "आई, हे तर तुम्ही रोजच करताय!" ही म्हणाली, "मग इतकी वर्षं माझा पगार कुठाय?"

कोरोनात घरी शाळा भरवायचा हाच उद्योग सगळ्या महाराष्ट्राने केलेला. २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही अभ्यासाची मालिका लागायची आणि गावातली पोरं ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओसरीवर. तेव्हा आम्ही त्याला अडचण म्हणत होतो.

माझ्या गणिताच्या खात्याची हकिगत सविस्तर सांगण्यासारखी आहे. पुस्तक बालभारतीचं, पण आकडे कुठे दाखवायचे? मी पोरीला सर्व्हिस रोडच्या कडेला, कठड्याच्या आत, लिंबाखाली घेऊन बसलो. समोर पुणे–सातारा रस्ता, म्हणजे गाड्यांना तोटा नाही. नंबरप्लेट वाचायच्या. एमएच १२ पुणे, १४ पिंपरी-चिंचवड, ११ सातारा, १० सांगली, ०९ कोल्हापूर, ५० कराड. पहिल्याच आठवड्यात पोरगी गाडी नुसती दिसली की "कोल्हापूर!" म्हणून ओरडायला लागली. भूगोल आणि गणित एका दमात. मी फुशारून सूनबाईंना बोलावलं आणि म्हटलं, "घ्या परीक्षा." सूनबाईंनी तिला आकडे म्हणायला सांगितले. पोरीने हात मागे बांधून म्हटले: बारा, चौदा, अकरा, नऊ, दहा, पन्नास. रस्त्यावर ज्या हिशेबाने जास्त दिसतात, त्या क्रमाने. पुढे काय म्हणून विचारलं तर म्हणाली, "केए."

त्यात 'दादा' प्रकरण उपटलं. एक पांढरी गाडी टपरीपाशी थांबली. तिची प्लेट पोरगी वाचेना. नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, हा नंबर नाही, शब्द आहे." नंबर ४१४१. पण इंग्रजी चाराला अशी काही शेपूट काढलेली की त्याचा झाला द, एकाचा झाला काना, आणि वाचायचं 'दादा'. दुसऱ्या दिवशी २१४ सापडला, त्याचा 'राम' केलेला. मग ८०५५, त्याचा 'बॉस'. नियमाने असली प्लेट चालत नाही, पण दादाला सांगणार कोण? पोरीच्या डोक्यात मात्र एक नवाच सिद्धांत बसला, की प्रत्येक आकडा म्हणजे न उघडलेला शब्द आहे. आमच्या लॅमिनेटेड वेळापत्रकातलं '१०.३०' तिने काळ्या पेनाने दुरुस्त करून त्याचं काहीतरी केलं. काय केलं ते वाचता येत नाही, पण विज्ञानाचा तास तेव्हापासून कधी लागतो ते कुणालाच कळत नाही.

वीसच्या पुढे गाडी गेली आणि घरात दुफळी माजली. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात बालभारतीने एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं म्हणायची सोय दिली, त्यावरून महाराष्ट्रभर गदारोळ झाला. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांनी शांतपणे समजावून सांगितलं होतं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी मुलं अडखळतात. सूनबाई नारळीकरांच्या बाजूच्या. मी तोंडदेखला परंपरावादी, पण मनात ठाऊक होतं. शेवटच्या वर्षांत गाडीत कॉलेजच्या पोराला "त्रेसष्ट रुपये" म्हटलं की तो माझ्याकडे बघत राहायचा आणि हळूच विचारायचा, "म्हणजे सिक्स्टी थ्री की सेव्हन्टी थ्री?" तरीही आजोबाने नातीसमोर सुनेशी सहमत व्हायचं म्हणजे घरातली शिस्त बिघडते. म्हणून मी त्र्याण्णववर अडून बसलो. पोरगी आमच्या दोघांकडे बघून शेवटी म्हणाली, "नाइन्टी थ्री." दोन्ही पक्षांचा पराभव झाला.

सहलही काढली, नसरापूरला बनेश्वर. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं देऊळ, झाडी, पाणी. मी वर टांगलेली मोठी घंटा दाखवली. तिच्यावर १६८३ साल आणि एक क्रूस आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तिथल्या पोर्तुगीजांच्या चर्चची ही घंटा.

"म्हणजे चोरून आणली?"

"नाही बाळा, जिंकून आणली."

"त्यांना विचारलं होतं?"

"लढाईत विचारत नाहीत."

पोरीने घंटेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मी काल शेजारच्यांचा चेंडू जिंकून आणला तर आजीने परत द्यायला लावला."

इतिहासाचं खातं कुणाकडे आहे ते वेळापत्रकात लिहायचं राहून गेलं होतं, हे त्या दिवशी आम्हा सगळ्यांच्या पथ्यावर पडलं. मी तिला आइस्क्रीम दिलं.

घरच्या शाळेची खरी पंचाईत पोटदुखीने उघडी पाडली. एका सोमवारी पोरगी पोट धरून बसली. बाहेरच्या शाळेत हे साधं असतं, पोट दुखलं की घरी पाठवतात. इथे घरूनच घरी पाठवायचं कुठे? सूनबाई म्हणाल्या, बरं, आज सुट्टी. सुट्टी म्हणजे तेच माजघर, तीच माणसं, तेच वेळापत्रक भिंतीवर. पोरगी गादीवर पडून आमच्याकडे बघत होती आणि आम्ही चौघं तिच्याकडे. रविवारचं तेच. मे महिन्याचंही तेच. शेवटी तिने मामाच्या गावाला फोन लावला आणि मामाला सांगितलं की तुमच्या घरी शाळा नाही ना, मग मी येते.

सूनबाई रोज निरीक्षणवही लिहितात. रकाने आहेत: आज काय विचारलं, कशात रमली, कशाला कंटाळली. तिसरा रकाना भरभरून लिहिलेला असतो, आणि अक्षर दिवसेंदिवस बारीक होत चाललंय.

आता गुरुजींकडे येतो. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचे गुरुजी माणूस हुशार, वाचणारा. सप्टेंबर जवळ आला तसे ते चकरा मारायला लागले. तीस सप्टेंबरचा पट म्हणजे गुरुजी लोकांचा श्वास. त्यावर संचमान्यता, त्यावर शिक्षकाची जागा. वीसच्या आत पट गेलेल्या शाळांवर समूह शाळेत विलीन व्हायची टांगती तलवार असते. शेजारच्या वेल्ह्यात, ज्याला आता राजगड तालुका म्हणायचं, पानशेतला तशी शाळा उभीही राहिलीय. आमच्या शाळेवर ती वेळ नाही, पण सहा वर्षांची धडधाकट मुलगी गावात बिनशाळेची फिरतेय हे कुठल्याही गुरुजींच्या डोळ्यात खुपणारच. त्यातून शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण त्यांच्याच माथी. "अण्णा, हिला मी कुठल्या रकान्यात घालू? कधीच दाखल न झालेली? घालायचा तर कारण लिहावं लागतं. स्थलांतर, आजारपण, घरकाम, वीटभट्टी. 'आई इंजिनियर आहे' असा रकानाच नाही."

सूनबाईंनी त्यांना चहा दिला आणि तासभर समजावलं. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताराबाई मोडकांनी कोसबाडला कुरणशाळा काढली होती. पोरं गुरं चारायला जायची तर शाळाच त्यांच्या मागं रानात गेली. तुम्ही ती उचलून माजघरात आणलीत. माझी ना नाही, पण ताराबाईंच्या कुरणात पोरं पुष्कळ होती, ताई." सूनबाई पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. गुरुजींनी तेवढ्यात शनिवारी पोरांना थोडं इंग्रजी शिकवाल का, असं विचारून टाकलं. आनंददायी शनिवार असतोच, दप्तर नसतं. सूनबाई गेल्या. दुसऱ्या शनिवारी पाककलेला आजीला बोलावणं आलं. मला शिक्षणप्रेमी म्हणून व्यवस्थापन समितीच्या बैठकीला बसवलं. पोरगी मागच्या अंगणात चिरंजीवांबरोबर सूर्यनमस्कार घालायची, आणि चिरंजीव तिसऱ्या नमस्कारात जे खाली जायचे ते वर यायचेच नाहीत, रात्रपाळी.

या जूनमध्ये प्रवेशोत्सवासाठी गुरुजींना बैलगाडी हवी होती. नवी पोरं फुलांच्या गाडीतून मिरवत शाळेत न्यायची. गावात बैल उरलेत ते चुलतभावाकडे, आणि ते शर्यतीचे. सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिल्यापासून त्यांचा खुराक आमच्यापेक्षा चांगला आहे. त्या बैलांना शाळेपर्यंत हळू चालवणं हे चार माणसांचं काम झालं. गाडी आमच्या दारावरून निघाली. आपल्याच भावकीची गाडी म्हटल्यावर पोरगी चढून बसली, तिला कोण उतरवणार? शाळेच्या दारात हलगी वाजली, ओवाळणी झाली, गुलाब मिळाला, खिचडी झाली. अर्ध्या तासात तालुक्याच्या ग्रुपवर फोटो: 'नवागतांचे स्वागत'. पुढच्याच रांगेत आमची नात, दात पडलेली, हसताना.

सूनबाईंनी मोबाइल गुरुजींपुढे धरला. गुरुजी कानाला हात लावून म्हणाले, "ताई, नाव लावलेलं नाही. फक्त गुलाब दिलाय."

संध्याकाळी सूनबाईंनी निरीक्षणवही उघडली आणि पोरीला समोर बसवलं. कसं वाटलं? काय आवडलं? पोरीने जरा विचार केला.

"तिथे गुरुजी एकटेच आहेत ना," ती म्हणाली, "त्यामुळे ते सारखं माझ्याकडे बघत नाहीत."

हे कुठल्या रकान्यात लिहायचं, ते सूनबाईंचं अजून ठरलेलं नाही.